लंबगोलातला गृहस्थ

सतराव्या शतकातल्या फ्रान्सची छापचित्रं ज्या संग्रहालयात असतील तिथला कुठलाही खण ओढा, हा गृहस्थ आत हजर असतो. दगडाची वाटावी अशी कोरलेली चौकट, चौकटीत लंबगोल आणि लंबगोलात हा, छातीपर्यंत. हात दिसत नाहीत, त्यामुळे त्यांनी कधी काही काम केलं असेल असा आरोपही करता येत नाही. मान जराशी वळलेली, नजर मात्र थेट बघणाऱ्यावर. डोक्यावर घट्ट बसणारी काळी टोपी, तिच्याखालून खांद्यावर उतरलेले केस, गळ्याशी पांढरीशुभ्र कॉलर, ओठावर असून नसल्यासारखी मिशी. खाली घराण्याचं चिन्ह आणि त्याच्याही खाली लॅटिनमध्ये नाव आणि हुद्दे. नाव एका ओळीत संपतं. हुद्द्यांना तीन ओळी पुरत नाहीत.

याला एकच एक नाव नाही. १६५० ते १६८० या काळात पॅरिसमध्ये हा पैशाला पासरी होता. कुठे मठाधिपती, कुठे बिशप, कुठे खजिन्यातला अधिकारी. पण अस्सल नमुना बघायचा तर तो पॅरिसच्या पार्लमाँत. हे पार्लमाँ म्हणजे कायदे करणारी सभा नव्हे. ते राजाचं वरिष्ठ न्यायालय. तिथली न्यायाधीशाची जागा रीतसर विकत मिळायची. १६०४ पासून तर अशीही सोय झाली होती की, जागेच्या ठरलेल्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल सरकारात भरला की ती बापाकडून लेकाकडे बिनबोभाट जाई. त्यामुळे आपल्या गृहस्थाला अक्कल सिद्ध करण्याची वेळ आयुष्यात आलेली नाही. रुबाब मात्र रोज सिद्ध करावा लागतो. तलवारीच्या जोरावर मोठी झालेली जुनी सरदार घराणी अजूनही त्याच्याकडे ‘हा कालपर्यंत कागद खरडत होता’ अशा नजरेने बघतात.

तैलचित्र त्याच्या दिवाणखान्यात आहेच. पण तैलचित्राची एक अडचण असते. ते दाखवायचं तर लोकांना घरी बोलवावं लागतं, आणि घरी बोलावलं की जेवायला घालावं लागतं. छापचित्राचं तसं नाही. तिथे आपणच लोकांच्या घरी जातो, शंभर घरी एकाच वेळी जातो, आणि त्यांच्या भिंतीवर किंवा वहीत कायमचे मुक्कामाला राहतो. खर्चाच्या दृष्टीनेही हे सोयीचं आणि लोकांना नकारही देता येत नाही.

शिवाय आणखी एक नाजूक कारण आहे. न्यायालयात याच्या शेजारी बसणाऱ्याचं चित्र गेल्याच महिन्यात छापून आलं. “तुमच्यासाठी आठवणीने एक प्रत बाजूला ठेवली होती,” असं म्हणत शेजाऱ्याने ती याच्या हातात दिली. याने ती दोन्ही हातांनी घेतली, चष्मा लावून पाहिली, “हुबेहूब!” म्हणाला, आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, “नाक कमी करून घेतलंय.” त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

आता कोरणारा शोधायचा. चौकशीला जागा एकच, सँ-झाक रस्ता. छापचित्रं विकणाऱ्यांची दुकानं तिथे ओळीने होती. आणि त्या रस्त्यावर कुणालाही विचारलं तर एकच नाव कानावर येई: रॉबेर नांतय.

नांतय मूळचा रँसचा, जन्म १६२३ चा. पॅरिसला आला तेव्हा त्याला तिथे कुणी कुत्रं विचारत नव्हतं. त्याने केलेली युक्ती मोठी मजेदार सांगतात. सॉर्बॉनजवळच्या एका खाणावळीच्या दारात तो हातात एका चेहऱ्याचं रेखाटन घेऊन उभा राहिला आणि आतल्या विद्यार्थ्यांना विचारू लागला, “या चेहऱ्याचे कुणी इथे उतरलेत का?” असा कुणी तिथे नव्हताच. पण शोधायच्या निमित्ताने रेखाटन या हातातून त्या हातात गेलं, माणूस राहिला बाजूला आणि “काढलंय कुणी हे?” अशी विचारणा सुरू झाली. मग एकेकाला आपलाही चेहरा कागदावर हवासा वाटू लागला. नसलेल्या माणसाचा शोध घेत नांतयने असलेली गिऱ्हाइकं गाठली. पुढे १६५८ मध्ये चौदाव्या लुईने त्याला आपला चित्रकार आणि कोरणारा म्हणून नेमलं. राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल माझारँ याला त्याने डझनाहून अधिक वेळा कोरलं, खुद्द राजालाही अनेकदा कोरलं. आयुष्यभरात त्याच्या हातून दोनशेहून जास्त चेहरे तांब्यावर उतरले.

आपल्या गृहस्थाला नांतय पसंत आहे, पण एक गोष्ट खटकते. १६६० मध्ये राजा लग्नासाठी स्पेनच्या सीमेवरच्या सँ-झाँ-द-ल्यूझला गेला होता. लग्नाच्या त्या धामधुमीतही त्याने एक फर्मान काढलं: तांब्यावर कोरण्याचं काम ही मुक्त कला आहे, कारागिरांच्या संघाचे नियम तिला लागू नाहीत. म्हणजे हा कोरणारा आता कारागीर राहिला नाही, कलावंत झाला. गृहस्थ पेचात पडतो. कलावंताकडून काम करून घेणं मानाचं, पण कलावंताशी घासाघीस कशी करायची? खुर्ची विकत घेताना त्याने घासाघीस केली होती, बायकोच्या हुंड्यात केली होती, आणि इथे मात्र मुकाट्याने पैसे मोजायचे?

चौकशीच्या ओघात त्याच्या कानावर क्लोद मेलाँची कीर्तीही येते. मेलाँने १६४९ मध्ये संत व्हेरोनिकाच्या वस्त्रावर उमटलेला ख्रिस्ताचा चेहरा कोरला, तो सबंध एकाच रेषेत. रेषा नाकाच्या शेंड्यापासून निघते आणि गोल गोल फिरत बाहेर जाते. जिथे सावली हवी तिथे ती जाड होते, उजेड हवा तिथे बारीक होते. डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट, रक्ताचे थेंब, सगळं त्या एका रेषेच्या जाडीबारीकीतून उभं राहतं; रेषा कुठेही तुटत नाही, दुसरीला छेदत नाही. गृहस्थ ते चित्र भक्तिभावाने हातात घेतो. थोड्या वेळाने भक्ती ओसरते आणि व्यवहार जागा होतो.

“एका रेषेत देव होतो म्हणता?” तो दुकानदाराला विचारतो. “मग आम्हाला तीन-चार रेषा पुरतील की. तेवढ्याचे किती होतील?”

दुकानदार हसण्यावारी नेतो. आपला गृहस्थ लंडनला असता तर त्याला याहून कडक हिशेब भेटला असता. तिथे प्रागहून आलेला वेन्सेस्लाउस होलर ताशी मजुरीवर काम करायचा आणि शेजारी वाळूचं घड्याळ ठेवायचा. मधे कुणी गप्पा मारायला आलं की तो ते घड्याळ आडवं करून ठेवी. पाहुणा गेला की पुन्हा उभं. गिऱ्हाइकाला फुकटच्या वेळेचा एक कणही लावायचा नाही, असा त्याचा चोख कारभार. आपला गृहस्थ त्याच्यासमोर बसता तर घड्याळ दिवसभर आडवंच राहिलं असतं, कारण हा बोलायला लागला की थांबत नाही.

अखेर बैठकीचा दिवस ठरतो. गृहस्थ नवा झगा चढवून येतो. येतानाच त्याने चेहरा तयार करून आणलेला असतो. आरशासमोर बरीच मेहनत घेऊन त्याने न्याय, करुणा आणि वंशपरंपरागत बुद्धिमत्ता हे तिन्ही भाव एकाच वेळी आणण्याचा सराव केला आहे. खुर्चीत बसून तो ते भाव धारण करतो आणि श्वास रोखतो. कोरणारा कागद घेतो, रंगीत खडू घेतो आणि काहीच न काढता गप्पा सुरू करतो. नांतयची तर ख्याती अशी की तो स्वतः कविता करायचा आणि समोर बसलेल्याला त्या म्हणून दाखवायचा. माणूस ऐकण्यात गुंतला की घरून आणलेला चेहरा गळून पडतो आणि खालचा खरा चेहरा वर येतो. कोरणाऱ्याला हवा असतो तो हाच. त्या क्षणी त्याचा हात चालू होतो.

“हनुवटीखाली जरा जास्त आलंय,” रेखाटन पाहून गृहस्थ म्हणतो.

“उजेडाचा परिणाम आहे, साहेब.”

“मग उजेड काढा.”

“काढतो की.”

आणि कोरणारा उजेड काढतो, हनुवटी राहते.

आता हे रेखाटन तांब्यावर जायचं. तांब्याचा पत्रा घोटून असा गुळगुळीत केलेला असतो की त्यात तोंड दिसावं. कोरणाऱ्याच्या हातात पोलादाची बारीक कोरणी. तिचं टोक तिरपं घासून धार काढलेली, मागे लाकडाची गोलसर मूठ, पण खालच्या बाजूने अर्धी कापलेली, म्हणजे हत्यार पत्र्यावर जवळजवळ आडवं धरता यावं. मूठ तळहातात बसते आणि ढकलण्याचा जोर तिथून येतो. बोटं फक्त दिशा देतात. पत्रा वाळू भरलेल्या कातडी उशीवर ठेवलेला असतो. यातली खरी गंमत वळणदार रेषेत आहे. वळण घ्यायचं असलं की हात वळत नाही. हात जागेवर राहतो आणि दुसऱ्या हाताने उशीवरचा पत्राच फिरवला जातो. गालाची गोलाई आणायची तर अख्खा गृहस्थ कोरणीखाली सावकाश गरगर फिरतो. न्यायालयात ज्याच्यापुढे पक्षकार फिरतात, तो इथे एका कामगाराच्या डाव्या हाताच्या तालावर फिरत असतो.

कोरणी पुढे सरकली की तांब्याची बारीक तार कुरळी होऊन वर येते. रेषेच्या काठावर राहिलेली खरखर धारदार हत्याराने खरवडून टाकायची. जोर वाढवला की रेषा रुंद होते, कमी केला की केसासारखी बारीक होऊन विरते. झग्याच्या रेशमाला लांब, लवचीक रेषा. केसांना लाटांसारख्या. चेहऱ्याला मात्र रेषा नकोशा होतात. तिथे आखूड आखूड छेद आणि त्यांच्या शेवटी बारीक ठिपके, म्हणजे कातडी कातडीसारखी वाटते. डोळ्याच्या बुबुळात पांढरा बिंदू ठेवायचा तर तिथे काहीच कोरायचं नाही. गृहस्थाच्या डोळ्यात जी चमक दिसते ती कोरणाऱ्याने तांब्याला हात न लावता ठेवलेली मोकळी जागा असते. एखादी रेषा चुकली तर ती जागा खरवडून, पाठीमागून हातोडीने ठोकून, वर आणून पुन्हा घोटायची. एकेका पत्र्यावर आठवडेच्या आठवडे जातात. मोठ्या कारखान्यात चौकट, झगा, पडदे ही कामं हाताखालच्या पोरांकडे असतात. मुख्य उस्ताद चेहऱ्यावर बसतो.

काम कुठवर आलं बघायला गृहस्थ मधेच येतो, आणि पत्रा पाहून हादरतो. “माझं नाव उलटं लिहिलंय!” त्याला समजावावं लागतं की पत्र्यावर उलटं कोरलं तरच कागदावर सुलटं उमटतं, त्यासाठी रेखाटन आरशातही बघावं लागतं. त्याला ते पटतं. पण पटलं म्हणजे तो घरी जाईल असं नाही. आता त्याच्या डोक्यात नवा किडा शिरलेला असतो. त्याच्या डाव्या गालावर तीळ आहे. तो कोणत्या बाजूला येणार? आणि छातीवरचं मानचिन्ह कागदावर भलत्याच बाजूला आलं तर? आरसा आणला जातो. तीळ आपल्या जागी असल्याची खात्री झाल्यावर तो म्हणतो, “आता हा काढून टाका.”

छापखान्यातला दिवस त्याला पाहवत नाही. पत्रा कोमट करून त्यावर दाट काळी शाई सर्वत्र थापली जाते. त्याची कॉलर, त्याचे हुद्दे, त्याचं घराणं, सगळं एकसारखं काळंकुट्ट. मग ती शाई फडक्याने पुसली जाते, आणि शेवटचा हात छापणारा आपल्या तळहाताने फिरवतो. रेषांच्या खाचांत शाई राहते, वरचा भाग लखलखीत होतो. त्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीच्या घड्या, आणि हे सगळं दोन रुळांमधून दाबून काढायचं. छापणारा चाकाचे आरे पायानेसुद्धा रेटतो. कागद उचलला की खाचांतली शाई कागदावर आलेली असते, बोटाला लागेल इतकी उठावदार. पहिल्या काही प्रती फार सुंदर निघतात. पुढे पत्रा झिजत जातो, आणि त्याच्याबरोबर गृहस्थही. आधी गालावरचे ठिपके जातात, मग मिशी. हजारभर प्रती काढल्या की तो आजारातून उठल्यासारखा दिसू लागतो.

पण त्याचं चित्त चेहऱ्यावर नसतंच. तो पहिल्या प्रतीत आधी वाचतो तो तळचा मजकूर. राजाचा सल्लागार, अमुक गावचा अधिपती, तमुक मठाचा आश्रयदाता, कुठे एक जहागीर, कुठे नुसतीच तिची आठवण. खाली लॅटिन दोनोळी असते, त्यात त्याला रोमन न्यायपंडितांच्या पंगतीत बसवलेलं असतं. हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं काम लॅटिनमध्ये फार नीट होतं, कारण चढणाऱ्याला वरून खाली काही दिसत नाही. आपल्या गृहस्थाचं लॅटिन शाळेतच सुटलेलं. पण विशेषणं मोजता येतात, तेवढं त्याला पुरतं.

तळच्या ओळींचं महत्त्व त्याच्याहून चांगलं कळलेला एक माणूस इंग्लंडमध्ये होता. १६४५ च्या कवितासंग्रहासाठी जॉन मिल्टनचं चित्र विल्यम मार्शल नावाच्या कोरणाऱ्याने कोरलं. चित्राभोवती लिहिलं होतं की कवीचं वय एकवीस. कवी प्रत्यक्षात छत्तीस-सदतीसचा होता, आणि चित्रातला चेहरा तर पन्नाशीकडे झुकलेला. मिल्टनला आपल्या देखणेपणाचा अभिमान होता. तो चिडला, पण आरडाओरडा केला नाही. त्याने ग्रीक भाषेत चार ओळी रचल्या आणि चित्राखाली कोरायला दिल्या. मार्शलला ग्रीक येत नव्हतं. त्याने त्या अक्षरन् अक्षर मन लावून कोरल्या. त्यांचा मतलब असा की, खरा चेहरा पाहिलात तर हे काम अडाणी हाताचं आहे हे ओळखाल. तेव्हा मित्रांनो, या चित्रकाराच्या फसलेल्या नकलेवर हसा. आपल्याच कामाची निंदा स्वतःच्या हाताने तांब्यावर कोरून देण्याचा हा प्रसंग कोरीवकामाच्या इतिहासात एकमेव असावा. पण त्यासाठी गिऱ्हाइकाला ग्रीक यावं लागतं, आणि आपल्या गृहस्थाला लॅटिनचीही मारामार.

त्याची खरी दगदग चित्र छापून झाल्यावर सुरू होते. कारण माणूस बढती घेतो, तांबं घेत नाही. वर्षा-दोन वर्षांत त्याला एखादा नवा मान मिळतो आणि पहिल्या प्रती एकदम जुन्या होतात. मग पत्रा परत कोरणाऱ्याकडे. जुनी ओळ घासून काढायची, नवी बसवायची. जाणकार आज अशा प्रतींची पहिली अवस्था, दुसरी अवस्था, तिसरी अवस्था अशी नोंद ठेवतात. या अवस्थांमधून हुद्दे वाढत जातात, चेहरा मात्र जिथल्या तिथे. पंचेचाळिशीतला चेहरा साठीतले मान मिरवत राहतो. वय कमी ठेवण्याचा हा उपाय त्याला इतका आवडतो की नवं रेखाटन करून घेण्याचा विषयही तो काढत नाही.

कधी हिशेब उलटाही होतो. १६६१ मध्ये नांतयने निकोला फूकेला कोरलं. हा फ्रान्सच्या खजिन्याचा सर्वेसर्वा, बघावं तिकडे त्याचाच दबदबा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजाच्या हुकमाने त्याला अटक झाली आणि उरलेलं आयुष्य तुरुंगात गेलं. लंबगोलातला फूके मात्र सर्वेसर्वाच राहिला. त्याच्यापर्यंत वॉरंट पोचलंच नाही. फूकेला खाली खेचण्यात राजाचा मंत्री कोलबेर याचा मोठा हात होता, आणि कोलबेरलाही नांतयनेच कोरलं, तेही पुन्हा पुन्हा. कोरणाऱ्याला दोघेही सारखेच. त्याच्या दृष्टीने एकाचे केस अवघड होते, दुसऱ्याच्या भुवया.

या सगळ्या प्रकाराचा कळस केला पिएर लोंबारने. हा फ्रेंच कोरणारा लंडनमध्ये जाऊन राहिला होता. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचं घोड्यावर बसलेलं एक मोठं चित्र चित्रकार व्हॅन डाइकने १६३३ मध्ये रंगवलं होतं. १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवलं गेलं, राज्य ऑलिव्हर क्रॉमवेलच्या हाती आलं. १६५५ च्या सुमारास लोंबारने व्हॅन डाइकच्या त्या चित्राचाच बेत उचलला आणि त्याच थाटात, त्याच घोड्यावर क्रॉमवेलला बसवलं. पुढे वारं फिरलं तसं लोंबारच्या पत्र्यावरचं डोकंही फिरलं. क्रॉमवेलचं घासून काढलं, त्या जागी कधी चौदाव्या लुईचं आलं, कधी चार्ल्सचं, कधी पुन्हा क्रॉमवेलचं. मधल्या काळातला एक ठसा तर असाही उरला आहे की ज्यात घोडा आहे, चिलखत आहे, शेजारी चाकर आहे आणि स्वाराच्या मानेवर काहीच नाही. शिर सलामत तो पगडी पचास, असं आपण म्हणतो. लोंबारच्या पत्र्यावर चिलखत सलामत होतं, शिरं पचास.

आपल्या गृहस्थाने ही हकिगत ऐकली तर तो फार हसेल. ती आपल्याविषयी आहे हे त्याच्या ध्यानात येणार नाही. कारण त्यानेही पैसे मोजलेत ते चौकटीला, चिन्हाला आणि तीन ओळींना. मधली जागा भरायला कुणीतरी हवा होता म्हणून तो स्वतः बसला.

प्रतींचं वाटप हा मोठा सोहळा असतो. पत्रा त्याच्याच मालकीचा, त्यामुळे प्रती कुणाला द्यायच्या हे तोच ठरवतो. वरिष्ठांना रुंद समासाची चांगली प्रत. बरोबरीच्यांना मधली. ज्यांचं त्याच्याकडे काम अडलंय त्यांना झिजलेली. ते तीही डोळ्यांना लावतात. पुतण्या सॉर्बॉनमध्ये प्रबंध मांडणार असेल तर विचारायलाच नको. त्या काळी प्रबंधातले मुद्दे एका मोठ्या कागदावर छापून सभेत वाटत. वरच्या अर्ध्या भागात आश्रयदात्याचं भव्य कोरीव चित्र, खाली विद्यार्थ्याचे सिद्धान्त. पुतण्या खाली घाम गाळतो, काका वर लंबगोलात बसतो. सभा संपली की लोक खालचे सिद्धान्त कापून टाकतात आणि वरचं चित्र ठेवून देतात, हे पाहून काकांना विद्वत्तेबद्दल उगाचच आदर वाटू लागतो.

पण कात्री एकदा हातात आली की ती काकांनाही सोडत नाही. छापचित्रं जमवणाऱ्यांत मिशेल द मारोल नावाचे एक मठाधिपती होते. त्यांनी १,२३,४०० छापचित्रं जमवली आणि १६६७ मध्ये कोलबेरच्या मध्यस्थीने ती राजाला विकली. फ्रान्सच्या राष्ट्रीय छापचित्रसंग्रहाचा पाया तो हाच. लंडनमध्ये आरमारी कचेरीत काम करणारा, रोज रोजनिशी लिहिणारा सॅम्युअल पीप्स याच व्यसनातला. मोठ्या आगीत लंडन जळून तीन महिने झाले नव्हते, तेवढ्यात १ डिसेंबर १६६६ रोजी तो विल्यम फेथॉर्न या कोरणाऱ्याच्या दुकानी जाऊन इंग्लंडच्या राजाची लाडकी लेडी कॅसलमेन हिच्या चित्राच्या, त्याच दिवशी छापलेल्या, तीन प्रती घेऊन आला. एक का पुरली नाही, हे पुरुषवाचकांना सांगायला नको. जानेवारी १६६९ मध्ये एका ओळखीच्याने त्याला फ्रान्सहून नांतयची चित्रं आणून दिली. त्यांत फ्रान्सचा राजा होता, कोलबेर होता, पीप्स खूश झाला. न्यायालयातला आपला गृहस्थ त्याच्या रोजनिशीत नाही.

असे संग्राहक चित्रं वहीत चिकटवत. वहीचं पान लहान, चित्र मोठं, म्हणून समास कापायचा. समासाबरोबर कित्येकदा तळचा मजकूरही जायचा: नाव, सल्लागारपद, जहागिरी, लॅटिन दोनोळी, सगळं कात्रीखाली. ज्यासाठी त्याने पत्रा तीनदा घासून घेतला होता ते केराच्या टोपलीत गेलं आणि ज्याच्याकडे त्याने नीट पाहिलंही नव्हतं तो चेहरा तेवढा डिंकाने पक्का झाला.

आज तो लिलावात येतो तेव्हा कुणी त्याला त्याच्या नावाने ओळखत नाही. “नांतय आहे,” एवढंच म्हणतात. पोम्पोन द बेलिएव्हर हा पॅरिसच्या पार्लमाँचा पहिला अध्यक्ष, म्हणजे आपल्या गृहस्थाच्या स्वप्नातली खुर्ची. नांतयने १६५७ च्या सुमारास त्याचं कोरलेलं चित्र जाणकार आजही पहिल्या रांगेत ठेवतात. त्याने कोणते खटले कसे चालवले हे त्यांतल्या कुणी विचारत नाही. विचारतात ते हे, की प्रत कितव्या अवस्थेतली आहे, समास शाबूत आहे का, गालावरचे ठिपके झिजलेत का. लंबगोलाखाली मुंगीएवढ्या अक्षरात कोरणाऱ्याचं नाव असतं, त्याची बोली लागते. पैसे मोजले गृहस्थाने, नाव झालं कोरणाऱ्याचं.

तरी त्याची फसगत झाली असं मला वाटत नाही. त्याला पद टिकवायचं होतं. पार्लमाँ तर फ्रेंच राज्यक्रांतीत बुडालं, पदं बुडाली, जहागिरी बुडाल्या, आणि ती खुर्ची कुणी आज फुकट दिली तरी घेणार नाही. टिकलं ते एवढंच: थोडे थकलेले डोळे, कवितेचं निमित्त मिळताच सैल झालेला ओठ, आणि स्वतःबद्दल असलेलं भरघोस मत. इतका खरा तो न्यायालयात कधी दिसला नसेल, घरीही नसेल. आणि हनुवटी? ती आहे तिथेच आहे. उजेड काढून साडेतीनशे वर्षं झाली, तरी लगेच नजरेत भरते.